पानगळीचे फोटो आणि लहरी हवा : तुमचे अनुभव लिहा

पानगळीचे रंग ऐन भरात असतात ते थोडेच दिवस, आणि नेमकी तेव्हाच हवा लहरीपणा करते. सकाळी लख्ख ऊन, दुपारी भुरभुर, रात्री असा वारा की सकाळी झाडं बोडकी. अशा वेळी तुम्ही काय करता? कॅमेऱ्यांची यादी नको. काय घडलं, काय जमलं ते लिहा. सुरुवात मी करते.

पाऊस लागला की बहुतेक जण कॅमेरा बॅगेत टाकतात, मी तेव्हा बाहेर काढते. ओल्या पानांचा रंग गडद होतो, पण वर आभाळाची पांढरट चकाकी बसलेली असते. पोलरायझर (लेन्सवर बसणारा, चकाकी कापणारा फिल्टर) हळूहळू फिरवत बघायचं. एका ठिकाणी ती चकाकी झर्रकन उतरते आणि खालचा तांबडा रंग उघडा पडतो. हे बघायला मला फोटोइतकंच आवडतं! यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून ट्रायपॉड हवाच. आभाळ नुसतं पांढरं असेल तर ते फ्रेमबाहेर.

ढगवेडा : पोलरायझरला अनुमोदन, पण ऊन पडलं की वाइड लेन्सवर जपून. सूर्यापासून 90 अंशांवर त्याचा परिणाम सर्वाधिक, त्यामुळे निळ्या आभाळात मधेच काळपट पट्टा उमटतो. शिवाय पावसात ऊन आलं आणि इंद्रधनुष्य पडलं तर आधी पोलरायझर तपासा. इंद्रधनुष्याचा प्रकाश मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, आणि पोलरायझर असाच प्रकाश अडवतो. रिंग चुकीची फिरली की कमान चक्क गायब. आणि सूर्य 42 अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून ती शोधत बसू नका.

ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेरा आपणहून रंगछटा ठरवतो त्यावर, माझा विश्वास नाही. सगळीकडे सोनेरी दिसलं की तो बिचारा ते 'दुरुस्त' करायला जातो. मी 'क्लाउडी'वर ठेवतो आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढतो. लाल पानांत रेड चॅनल सगळ्यात आधी उडतो, म्हणजे लाल रंगातले बारकावे जातात, तेव्हा तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा.

तिपाई : पावसाचं एवढं काही नाही हो, खरा वैरी वारा. मंद उजेडात फांद्या हलत असतील तर मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) बिनधास्त वाढवते आणि शटर 1/250 सेकंदापेक्षा संथ होऊ देत नाही. थोडा ग्रेन चालतो, फरकटलेली पानं नाही. नाहीतर उलट टोक गाठायचं : शटर 1-2 सेकंद, खोड स्थिर आणि पानांचा नुसता रंग वाहतोय. अर्धवट हललेला फोटो मात्र कुठलाच नाही. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली, बॅग हुकाला. पण बॅग लोंबकळत ठेवली तर तीच झोके घेते. जमिनीला जेमतेम टेकू द्या.

धुकट : मी पावसानंतरच्या पहाटेचा माणूस. संध्याकाळी पाऊस थांबला, रात्री आभाळ निवळलं आणि वारा पडला की दरीत धुकं धरण्याची शक्यता चांगली. उजाडायच्या आधी उंचावर पोचायचं. धुक्याला कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, फोटो करडा येतो. एक्स्पोजर +1 दिलं, म्हणजे उजेड एक स्टॉप वाढवला, की धुकं पांढरं दिसतं. थंडीत बॅटरी लवकर बसते, जादाची आतल्या खिशात ठेवा. उबदार खोलीत आल्यावर बॅग लगेच उघडू नका, काचेवर दव धरतं.

पाचोळा : वादळानं झाडं झोडपली की सगळे हळहळतात. मी ओढ्याकडे जातो. खडकाआड पाणी गरगरत असेल तिथे पानं फेसाबरोबर फिरत असतात. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून 10-15 सेकंद दिले की तांबूस वर्तुळं उमटतात. तसंही लाल रंग हवेचाच खेळ : दिवसा ऊन आणि रात्री गोठवणार नाही इतपत गारवा मिळाला तर अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य चांगलं तयार होतं. पिवळा मात्र पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की दिसतो.

@तिपाई, बॅग टेकवायची ती चिखलात?

तिपाई : खाली प्लास्टिकची पिशवी अंथरते. पाऊस वाढला की तीच कॅमेऱ्यावर.