मदत हवी आहे: बाबांना वाईट स्वप्नातून उठवणाऱ्या कुत्रीला नीट शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

बाबा फौजेत होते, 1999 ला कारगिलला. आता भांडुपला असतो आम्ही. रात्री ओरडत उठतात, बनियन घामाने चिंब. डॉक्टरांनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार) सांगितलंय, गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहणार, त्यामुळे प्राणायामवाल्यांनी जरा दमाने. आई त्यांना हात लावून उठवत नाही. एकदा उठवलं तर त्यांनी असा हात झटकला की बांगड्या फुटून तिच्याच मनगटात घुसल्या, तेव्हापासून ती लांबूनच पायाकडची चादर ओढते.

तर बिल्डिंगखालची गावठी कुत्री, चिंगी, पावसात वर आली ती गेलीच नाही. मागच्या महिन्यात बाबा झोपेत कण्हायला लागले आणि हिने त्यांच्या तळहाताखाली नाक घातलं. बाबा उठले पण ओरडले नाहीत, तिच्या कानामागे खाजवत बसले. असं तीन-चारदा झालंय. योगायोग असेलही, आई म्हणते तिला कळतं.

मग मी वाचत सुटलो. अमेरिकेत सर्व्हिस डॉग, म्हणजे दिव्यांग माणसाच्या मदतीचा कुत्रा, नुसता लाडाचा नाही, त्याला ठरावीक काम शिकवलेलं लागतं: स्वप्नातून उठवणं, अंगावर भार देऊन पडून राहणं, गर्दीत मागे उभं राहून लोकांना अंतरावर ठेवणं. मालकाने स्वतः शिकवलं तरी चालतं, सर्टिफिकेट लागत नाही. 2021 मध्ये तिथे कायदाच झाला, प्रायोगिक योजना म्हणून पीटीएसडीवाल्या माजी सैनिकांनी असे कुत्रे ट्रेन करायचे, तीच त्यांची थेरपी. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे, पण कुत्र्याचं काय?

मुंबईत हे शिकवणारं कोणी माहितीय का? दोन ट्रेनर भेटले, ते सीट-शेकहँडच्या पुढे जाईनात, एक म्हणे लॅब्रेडॉर घ्या, अहो वन आरके आहे आमचा! दीड वर्षाची गावठी शिकेल ना?

सोसायटीचे सेक्रेटरी चिंगीला लिफ्टमध्ये घेऊ देत नाहीत, त्यांना प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं पत्रक दाखवणार आहे, त्यात लिफ्ट नाकारता येत नाही असं आहे. ते बघून घेईन.

खरी धास्ती दिवाळीची. बाबा लवंगी वाजली तरी बाथरूमचं दार लावून बसतात, आणि वॉचमन सांगतो फटाक्यांत चिंगी गाडीखालून बाहेर येत नाही. आवाजाला घाबरणारा कुत्रा या कामाला चालतो का, की त्याचीही सवय करता येते?