जिंजा मॅक्रोतून सी कोड काढताना आतल्या-बाहेरच्या दोन्ही लूपमध्ये 'आय'च येते

मिहानवाला:
नमस्कार मंडळी, एका कंट्रोलरसाठी जिंजा (पायथनचं टेम्प्लेट इंजिन) टेम्प्लेटमधून सी कोड जनरेट करून राहिलो. फील्ड ॲरे असला की फॉर लूप लिहिणारा मॅक्रो (टेम्प्लेटमधलं फंक्शनच म्हणा) आहे, आणि ॲरेच्या आत ॲरे आला की तो मॅक्रो स्वतःलाच कॉल करते. भानगड अशी की दोन्ही लूप 'इंट आय'नंच सुरू होऊन राहिले. कंपायलर काहीच बोलत नाही, पण ४ बाय ४ च्या टेबलमध्ये फक्त तिरपी रांग भरते, बाकी सारं जसंच्या तसं. नावापुढे आकडा लावावा म्हणून लूपमध्ये सेट करून काउंटर वाढवला तर पुढच्या फेरीत तो पुन्हा शून्य. काय करावं न भाऊ?

धंतोलीकर:
जिंजात लूपच्या आत सेट केलेलं बाहेर टिकतच नाही, ते तसंच बनवलेलं आहे. जिंजा २.१० पासून नेमस्पेस ऑब्जेक्ट आला, काउंटर त्यात ठेव, टिकते.

शुभदा_एम्बेडेड:
टिकला तरी काउंटर नका वापरू, खरंच सांगते. फील्डची यादी असलेल्या यामल फाईलमध्ये वरती एक फील्ड वाढलं की खालच्या साऱ्या लूपची नावं सरकतात, गिटमध्ये हा एवढा डिफ, आणि त्यात खरा बदल कोणता हे रिव्ह्यू करणाऱ्यानं शोधत बसायचं. मॅक्रोला खोलीचा (डेप्थ, म्हणजे कितव्या आतल्या लूपमध्ये आहोत त्याचा) पॅरामीटर द्या, स्वतःला कॉल करताना १ वाढवून पाठवा, म्हणजे नावं आय०, आय१, आय२ अशी येतात आणि कायम तीच राहतात. शेजारच्या दोन लूपना सारखं नाव आलं तरी चालते, सी ९९ पासून फॉरमध्ये डिक्लेअर केलेला व्हेरिएबल त्या लूपपुरताच असते.

मिहानवाला:
ताई, जिंजात आधीच लूप डॉट डेप्थ आहे न, ते नाही चालणार?

शुभदा_एम्बेडेड:
नाही. ते फॉरला रिकर्सिव्ह लावलं तरच वाढते, मॅक्रोच्या कॉलमध्ये ते १ च दिसन. आणि जीसीसी कंपायलरला डब्ल्यू-शॅडो (नाव झाकलं गेलं की इशारा देणारा पर्याय) वेगळा द्या, नेहमीच्या इशाऱ्यांच्या डब्ल्यू-ऑलमध्ये तो येत नाही म्हणून तर कंपायलर गप्प होता. मिस्रा सी २०१२ (सुरक्षित सी कोडची नियमावली) चा नियम ५.३ हेच सांगते, आतल्या नावानं बाहेरचं झाकायचं नाही.

धंतोलीकर:
हे बरोबर आहे, खोलीवालं माझ्यापेक्षा चांगलं. फक्त यामलमधून येणारं एखादं नाव आय१ असू शकते, म्हणून नावाच्या सुरुवातीला जेन_ असा काहीतरी प्रीफिक्स लाव. दोन अंडरस्कोरनं सुरू होणारं नाव मात्र नको, सीमध्ये ती कंपायलर आणि लायब्ररीसाठी राखून ठेवली आहेत.

मिहानवाला:
झालं, पूर्ण टेबल भरला. डब्ल्यू-शॅडो लावल्यावर चेकसमच्या टेम्प्लेटमध्ये 'लेन'चा पण असाच एक निघाला, तो आता पाहतो.