जातं गेलं, मग ओव्यांचं काय?

प्रश्न: आजीचं जातं किती वर्षं माळ्यावर पडून होतं. परवा खाली काढलं. खुंटा हातात आला नि आजी आपसूक गायला लागली! आदल्या दिवशी नुसतं 'गा ना' म्हटलं तर एक ओळ आठवत नव्हती. हे कसं जपू?

प्रतिसाद १: आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा. घरघर काढून टाकू नका, लय तीच धरते.

प्रतिसाद २: हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ऐकता येतात. माझी आई ऐकता ऐकता स्वतःच सूर लावते.

प्रश्नकर्ती: केलं! पीठ मूठभर, ओव्या २३. चौथ्या ओवीत माझ्या पणजीचं नाव आलं.