घरात एकच फोन असताना मुलांचे ऑनलाइन समुपदेशन कसे करावे?

प्रश्न (समुपदेशक, बीड जिल्हा)

दसऱ्यानंतर आमच्या भागातील अनेक जोडपी ऊसतोडीला जातात आणि मुले आजीजवळ राहतात. अशाच एका मुलीशी मी दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर बोलते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). फोन चुलत्यांचा आहे. मी काही विचारले की तिची नजर आधी पडद्याच्या उजवीकडे जाते आणि मग "हो" असे उत्तर येते. तिथे कोण बसलेले असते, हे मला दिसत नाही. संमती कोणाची घ्यावी आणि एका खोलीच्या घरात गोपनीयता कशी राखावी?

उत्तर १ (बालमानसतज्ज्ञ, लातूर)

फोन चुलत्यांचा असला तरी तेवढ्यावरून ते कायदेशीर पालक ठरत नाहीत. आईवडिलांना कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) रात्री फोन करून संमती घ्या आणि तिची तारीख, वेळ नोंदवून ठेवा. मार्च २०२० ची दूरवैद्यक (टेलिमेडिसिन) मार्गदर्शक तत्त्वे डॉक्टरांसाठी आहेत, तरी अल्पवयीन रुग्णासोबत ओळख पटवलेली प्रौढ व्यक्ती असावी, ही त्यांतील अट आपणही पाळावी. मात्र ती व्यक्ती सुरुवातीला भेटून नंतर ओसरीवर जाऊन बसली, तर मूल मोकळे बोलते.

इअरफोनवर फार विसंबू नका. त्याने तुमचा आवाज झाकला जातो, मुलीचा नाही. प्रश्नच असे विचारा की उत्तर बोटांनी किंवा चित्राने देता येईल, आणि कोणी जवळ आले तर वही मिटायची, अशी खूण आधीच ठरवून घ्या.

"मी कुणालाच सांगणार नाही" असे वचन मात्र कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा तिला पहिल्याच भेटीत, तिला समजेल अशा शब्दांत सांगायला हवी.

उत्तर २ (शिक्षक, परभणी जिल्हा)

कॉल सुरू होताच मूल आज नेमके कोठे आहे, हे विचारावे, कारण ही मुले मधूनच मामाच्या गावी जातात, कधी थेट ऊसतोडीच्या फडावर. शेजारच्या एका जबाबदार व्यक्तीचा नंबर आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव तुमच्याकडे हवे. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हे क्रमांक आजीला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मधल्या सुटीनंतर एक खोली देऊ केली होती. दार उघडे ठेवून एक शिक्षिका ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसत असत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काल आईशी बोलणे झाले, त्यांनी होकार दिला. कॉल शाळेतून घ्यायचा, हे चुलत्यांना न दुखावता कसे सांगावे, हाच पेच होता. "शाळेत नेटवर्क बरे मिळते" हे कारण खरे होते आणि त्यांनाही पटले. गुरुवारपासून खोली मिळेल. शाळेला सुटी लागली की काय करायचे, ते मात्र अजून ठरलेले नाही.