मुक्त विद्यापीठात तक्रार ‘निकाली’ निघते, पण सुटते का?

रात्रपाळी
दूरशिक्षणातून एम.ए. केलं. विद्यापीठाचं नाव घेत नाही, त्याने मुद्दा बदलत नाही. वेळेत दिलेल्या असाइनमेंटपैकी एकीचे गुण निकालात आलेच नाहीत. शिक्क्याची पोच माझ्याकडे होती. अभ्यासकेंद्र म्हणे, आम्ही वर पाठवले. विभागीय केंद्र म्हणे, आले नाहीत. पोर्टलवर तक्रार टाकली. नवव्या दिवशी मेसेज: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ उघडून बघते तर एकच ओळ, संबंधित केंद्राशी संपर्क साधा! पाच महिन्यांनी गुण चढले, कसे ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. मग त्याच पोर्टलने विचारलं, तुम्ही समाधानी आहात का?

मी ‘नाही’ दाबलं. झालेल्या चुकीबद्दलचा राग दोन दिवसांत जातो. आपला कागद कुणाच्या टेबलावर आहे हेच कळत नाही, तो राग जात नाही. मी स्वतः रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर बसते, ‘उद्या या’ म्हणणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे.

घाटावरचा
समाधान हॉटेलवाल्याने विचारावं. विद्यापीठाचं काम शिकवणं आणि प्रामाणिक परीक्षा घेणं. नियमित कॉलेजपेक्षा कमी फी भरायची आणि सेवा मात्र विमान कंपनीची मागायची, हे काही पटत नाही. गुण मिळाले ना शेवटी?

जुना_संयोजक
अकरा वर्षं एका अभ्यासकेंद्राचा संयोजक होतो. कॉलेजची नोकरी सांभाळून रविवारी केंद्र, तुटपुंजं मानधन, मदतीला अर्धवेळ कारकून. आता दुसरी बाजू ऐका. नोंदणी क्रमांकाचा एक आकडा चुकवून असाइनमेंट देणारे दर सत्रात निघतात. शेवटच्या तारखेला संध्याकाळी गठ्ठाच्या गठ्ठा येऊन पडतो. तक्रार करणारा पोर्टल, ईमेल, ट्विटर आणि केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल अशी चारही दारं एकदम वाजवतो. मग चार माणसं एकच कागद शोधतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल. आणि एकदा वर पाठवलेले गुण दुरुस्त करायचा अधिकार आमच्या केंद्राला नव्हताच. शिव्या मात्र आम्ही खायच्या, कारण विद्यार्थ्याला दिसणारी खिडकी तेवढीच.

रात्रपाळी
संयोजक सर, चार दारं वाजवतात कारण पहिल्या दारातून आवाज येत नाही.

घाटावरचा, फी कमी आहे म्हणून इथे कोण येतं ते बघा. नोकरी करणारे, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बायका, तालुक्याला कॉलेज नसलेली मुलं. निकाल अडकला की बढतीचा अर्ज नाहीतर बी.एड.चा प्रवेश जातो. स्वस्त शिक्षणातलं वर्ष स्वस्त नसतं.

नफातोटा
एम.बी.ए.ला शिकवायचे की चूक झकास निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षाही खूश होतो. पिझ्झा उशिरा आला, वर एक फुकट दिला, तर होत असेल. गेलेलं सत्र कोण फुकट देणार? त्याच विषयातली दुसरी गोष्ट मात्र इथे लागू पडते. माणूस तीन गोष्टी तोलतो: काय मिळालं, कुठल्या पद्धतीने मिळालं, आणि वागवलं कसं. रात्रपाळीताईंना पहिली मिळाली, उरलेल्या दोन नाहीत.

वकीलबाई
ग्राहक शब्द जपून वापरा. परीक्षा घेणं ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहारच्या परीक्षा मंडळाच्या खटल्यात म्हटलंय. २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यातही विद्यार्थिनीला ग्राहक मानलं नाही.

पण घाटावरचा, याने तुमचा मुद्दा जिंकत नाही, फक्त दार बदलतं. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम आहेत. संस्थेच्या तक्रार निवारण समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्याची प्रत विद्यार्थ्याला. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. त्यांनी ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा. नुसतं ‘गुण कमी दिले’ म्हणून तिथे जाता येत नाही, पण गुण नोंदलेच नाहीत ही अनियमितता आहे. तपासलेली उत्तरपत्रिका बघायची असेल तर माहिती अधिकार वापरा, २०११ पासून तो हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे.

घाटावरचा
पंधरा दिवस कागदावर. दूरशिक्षणात कागद तीन गावं फिरतो. माझं मत तेच, पण ‘संबंधित केंद्राशी संपर्क साधा’ याला उत्तर म्हणत नाहीत, एवढं मान्य.

जुना_संयोजक
त्या ओळीचं गुपित सांगू? मी जे पोर्टल पाहिलं त्यात मुदत उलटली की तक्रार लाल दिसायची. उत्तर टाकलं की हिरवी. काय उत्तर टाकलं ते कुणी वाचत नसे.

रात्रपाळी
म्हणजे माझी तक्रार पाच महिने हिरवी होती.