मदत हवी आहे: बी.एस्सी.ला ४७ टक्के, तरी नामांकित लॉ स्कूलला अर्ज करावा का?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते. लांबला तर सांभाळून घ्या.

मी कोरची तालुक्यातली, जि. गडचिरोली. गोंडवाना विद्यापीठाची बी.एस्सी., २०१८, एकूण ४७ टक्के, त्यातले दोन विषय एटीकेटीने सुटलेले. ओबीसी, नॉन-क्रीमीलेअर.

गुण कमी का, ते आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न त्यावरच आहे. आमच्याकडे उन्हाळी परीक्षा आणि तेंदूपत्ता हातात हात घालून येतात. त्याआधी मोहफूल. पहाटे जंगलात जायचं, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) मोजून द्यायचे. वर्षभराचा रोख पैसा त्याच दिवसांत हाती येतो. बाबांना लकवा मारल्यावर पानं तोडायला मी आणि आई दोघीच उरलो. पेपर एकही बुडवला नाही, पण अभ्यासाला बसायची वेळ म्हणजे पुडे बांधून झाल्यावर जी उरेल ती.

पदवीनंतर ग्रामसभांसोबत काम करते आहे. वनहक्क कायद्याखालचे (२००६) सामूहिक दावे तयार करायचे. जुनं निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची सरकारी नोंद) शोधून काढणं, जीपीएस घेऊन गावकऱ्यांसोबत शिवेवर फिरणं, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेणं, दाव्याचा अर्ज म्हणजे नमुना क भरणं, सगळं. एक दावा उपविभागीय समितीकडून ‘पुरावा अपुरा’ म्हणून नामंजूर झाला होता. या कायद्याच्या नियमावलीतल्या नियम १३ मध्ये वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा पुरावा म्हणून स्पष्ट दिलाय. तेवढा एक मुद्दा धरून जिल्हास्तरीय समितीकडे साठ दिवसांच्या मुदतीत अर्ज केला. लिहिला मी, सह्या-अंगठे ग्रामसभेचे. दावा मंजूर झाला. आता ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, तिथले ठेकेदारासोबतचे करारनामेही माझ्याच हातचे असतात. ‘पैसे जमा झाल्याशिवाय माल फळीवरून हलणार नाही’ या कलमावरून दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी ते कलम राहतं. :)

आता कायदा रीतसर शिकायचा आहे, आणि शिकायचाच तर चांगल्या ठिकाणी. अमेरिकेतल्या जेडीसाठी (तिथली कायद्याची पदवी) एलसॅट या प्रवेश परीक्षेचा सराव करते आहे, १६६-१६८ येतात. पण तिकडे जीपीएला (पदवीच्या सरासरी गुणांकाला) फार महत्त्व असतं असं वाचलं. माझ्या ४७ टक्क्यांचा जीपीए कोणी कसा काढणार? कमी गुणांबद्दल वेगळं पत्र जोडावं, की न बोललेलं बरं? आणि शिफारसपत्रं कोणाची घ्यायची? प्राध्यापकांना मी आठवणारही नाही. ‘खेड्यातून थेट हार्वर्ड’ छापाच्या प्रोत्साहनाची गरज नाही, वास्तव सांगा.

कोर्टाचीपायरी

ताई, ४७ टक्क्यांचं भूत आधी उतरवा. अमेरिकन लॉ स्कूलचे अर्ज एलसॅक या संस्थेमार्फत जातात. पदवी अमेरिका-कॅनडाबाहेरची असेल तर एलसॅक तिचा जीपीए काढतच नाही. गुणपत्रिका तपासून एक शेरा देतं: अतिउत्तम, सरासरीपेक्षा वर, सरासरी, सरासरीपेक्षा खाली. कॉलेजं प्रवेश मिळालेल्यांच्या गुणांचा जो मध्यांक (मधला आकडा) जाहीर करतात त्यात परदेशी पदवीचे गुण धरत नाहीत. म्हणजे तुम्हाला घेतल्याने त्यांचा आकडा घसरत नाही. गुणपत्रिका मात्र वाचली जाते, आणि एटीकेटीही त्यात दिसते.

खरी अडचण एलसॅटची आहे. हार्वर्ड-येलला प्रवेश मिळालेल्यांचा मध्यांक १७४ च्या आसपास असतो. १६७ वाईट नाही, पण पदवीचे गुण कमी असताना भरपाई याच आकड्याने करायची असते. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स काढून टाकलेत, जुनी पुस्तकं वापरत असाल तर तो विभाग सोडा आणि तर्क व उताऱ्यांवर जोर द्या.

पत्र जरूर जोडा. मसुदा इथे टाकलात तर बघतो.

धागाकर्ती

धन्यवाद दादा. सुरुवात अशी केली आहे (मूळ इंग्रजीत आहे, अर्थ मराठीत देते): ‘अत्यंत प्रतिकूल कौटुंबिक परिस्थिती आणि आर्थिक संकटांशी झुंज देत मी शिक्षण पूर्ण केले. गुण माझी खरी क्षमता दाखवत नाहीत.’

कोर्टाचीपायरी

दोन्ही वाक्यं काढा. असं पत्र शंभरातले नव्वद जण लिहितात. वर धाग्यात जे लिहिलंय तेच लिहा: परीक्षा कोणत्या महिन्यात, तेंदू कोणत्या महिन्यात, घरात काम करणारे हात किती. अर्ध्या पानात संपवा. क्षमता किती ते तुम्ही सांगू नका, नियम १३ ची हकीकत सांगेल. ती मुख्य निवेदनात घ्या, या पत्रात नको.

शिफारशीसाठी तुमचं लेखन ज्यांनी ओळ न् ओळ तपासलंय अशी व्यक्ती गाठा: एखादे वकील, संशोधक. मोठ्या हुद्द्याच्या साहेबाचं गुळगुळीत पत्र काही कामाचं नाही. एक तरी पत्र शिक्षकाचं असावं, म्हणून प्रात्यक्षिकं घेणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांना भेटून तर बघा. तुम्ही समजता तितकं लोक विसरत नाहीत.

वैनगंगाकाठ

अहो, पण मुळात जेडी काऊन? ताईंना वकिली कुठे करायची आहे? गडचिरोलीत ना? परदेशी पदवीवर इथे सनद (वकिलीचा परवाना) हवी तर अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम २४ प्रमाणे ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली लागते, वर त्यांची पात्रता परीक्षा. शिवाय तिथली नुसती फीच वर्षाला ७०,००० डॉलरच्या वर, तीन वर्षं. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड मदत करतात, पण ती घरची ऐपत बघून, गुणवत्तेवर नाही, आणि त्यातही कर्ज आलंच.

त्यापेक्षा बंगळुरूची नॅशनल लॉ स्कूल बघा. २०२२ पासून तिथे पदवीधरांसाठी तीन वर्षांची एलएल.बी. आहे. पदवीची किमान अट खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, तुम्ही तशाही पार आहात. त्यापुढे बी.एस्सी.चे गुण कोणी मोजत नाही, प्रवेश त्यांच्या एनएलसॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. त्यात बहुपर्यायी प्रश्नांसोबत लेखी उत्तरं असतात. अपिलं लिहिणाऱ्या माणसाला याहून सोयीची परीक्षा कुठली? हाताशी राज्याची एलएल.बी. सीईटीही द्या. पेपर मराठीतही असतो, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (जीएलसी), पुण्याचं आयएलएस, नागपूरचं आंबेडकर विधी महाविद्यालय त्यातूनच मिळतं.

परदेशाची हौस असेल तर नंतर एक वर्षाची एलएल.एम. करा. तेव्हा एलएल.बी.चे गुण बघतात. बी.एस्सी. तोवर मागच्या पानावर गेलेली असते.

कोर्टाचीपायरी

हे पटलं. मी प्रश्नाचं उत्तर देत बसलो, प्रश्नच तपासला नाही. एलसॅटची तयारी वाया जायची नाही, उताऱ्यांचा सराव एनएलसॅटलाही कामी येतो.

धागाकर्ती

सनदेचं कलम माहीत नव्हतं. वनहक्काची अख्खी नियमावली पाठ, आणि हे कधी उघडून पाहिलं नाही. जेडी सध्या बाजूला ठेवते. यंदा एनएलसॅट आणि सीईटी दोन्ही देणार.

आईचं काय करायचं, तो वेगळा प्रश्न आहे. तेंदूच्या दिवसांत बंगळुरूहून येता येईल का, हे तिथे शिकलेलं कोणी सांगू शकेल? आणि एनएलसॅटची लेखी उत्तरं तपासून देणारं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इंग्रजी व्याकरणाला धरून झोडपलंत तरी चालेल. नेटवर्क टेकडीवर गेल्यावरच येतं, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.