अल्झायमरमध्ये ग्लिया पेशी आणि एक्सोसोम: नक्की प्रकरण काय आहे?

रातराणी:
आईला अल्झायमरचं निदान होऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून हाताला लागेल ते वाचतेय. आतापर्यंत सगळीकडे तेच, अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचतं, टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनच्या गाठी होतात, न्यूरॉन म्हणजे मेंदूच्या मुख्य पेशी मरतात. परवा एका लेखात मात्र होतं की मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी, ग्लिया का काय त्या, एक्सोसोम नावाच्या बारीक पुड्या बाहेर सोडतात आणि त्यातून रोग पसरतो. आणि दुसरीकडे बघते तर तेच एक्सोसोम औषध म्हणून विकतायत, इंजेक्शन घ्या, स्मरणशक्ती परत येईल म्हणे! एकच वस्तू रोग पण आणि औषध पण? बायोलॉजी बारावीनंतर सुटलंय, जरा सोपं करून सांगा कोणीतरी.

गोगलगाय:
प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये डिंक, १८५६ मध्ये विर्शोने हे नाव दिलं तेव्हा समज असा की या पेशी न्यूरॉनना नुसत्या चिकटवून ठेवतात. त्या न्यूरॉनच्या दहापट असतात हे पण जुन्या पुस्तकांतलं, मोजल्यावर साधारण ८६ अब्ज न्यूरॉन आणि इतर पेशी जवळपास तेवढ्याच निघाल्या.

अल्झायमरसाठी दोन लक्षात ठेवा. अ‍ॅस्ट्रोसाइट, ज्या न्यूरॉनना पोसतात आणि मेंदूतलं बरंचसं एपीओई प्रोटीन बनवतात (ज्याचा ई४ प्रकार धोका वाढवतो तेच). आणि मायक्रोग्लिया, म्हणजे सफाई कामगार, अमायलॉइड गिळतात, नको असलेले सिनॅप्स (न्यूरॉनमधले जोड) पण खातात, आणि रोगात कधीकधी हवे असलेलेही खाऊन टाकतात.

आता पुड्या. एक्सोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे, केसाच्या जाडीत शेकडो मावतील. पेशीच्या आत एका पिशवीत हे छोटे फुगे तयार होतात, मग ती पिशवी एकतर लायसोसोमकडे (पेशीतला पचनाचा भाग) जाते आणि सगळं पचून जातं, नाहीतर पेशीच्या कडेला जाऊन माल बाहेर ओतते. खरी गोम इथेच आहे. मायक्रोग्लियाने टाऊ गिळला पण पचवता आला नाही तर तोच माल पुडीत बांधून बाहेर जातो, म्हणजे आपल्या घरचा कचरा शेजारच्या दारात. २०१५ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला, मायक्रोग्लिया काढून टाकल्या किंवा एक्सोसोम बनणं औषधाने रोखलं तर टाऊचा प्रसार बराच कमी झाला.

रातराणी:
मग मायक्रोग्लियाच बंद करून टाकायच्या ना, प्रश्नच मिटला?

गोगलगाय:
नाही हो. टीआरईएम२ नावाचं जीन मायक्रोग्लियातच काम करतं आणि २०१३ मध्ये असं कळलं की त्याचा एक बिघडलेला प्रकार असेल तर अल्झायमरचा धोका साधारण तिपटीच्या आसपास जातो. म्हणजे सफाईवाले कामावर आले नाहीत तरी पंचाईतच. पुड्यांचंही तसंच, निरोगी अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पुड्यांतून न्यूरॉनला उपयोगी प्रोटीन आणि आरएनए मिळतात. पुडी वाईट नसते, कोणी बांधली आणि आत काय आहे यावर सगळं.

खडूसकाका:
वरचं ठीक, पण पुड्यांचा फार बाऊ करू नका. पेशीबाहेर जो टाऊ सापडतो त्यातला मोठा भाग मोकळाच फिरतो, पुड्यांत थोडासाच. अमायलॉइड एक्सोसोमवर सापडलं २००६ मध्ये, ते पण एकूणातला अगदी किरकोळ हिस्सा. पुडीतला माल थोडा असला तरी नव्या पेशीत गाठी सुरू करायला पुरतो असा युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो पण, पण म्हणून रोगाचं सगळं खापर पुड्यांवर फोडायचं कारण नाही.

आणि ताई, ते इंजेक्शन घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०१९ मध्येच जाहीर सांगितलंय की मान्यता मिळालेलं एकही एक्सोसोम उत्पादन नाही. विकतात ते बहुतेक स्टेम सेलच्या पुड्या, त्यांचा मेंदूतल्या ग्लियाशी संबंध काय? रक्तातून मेंदूच्या पुड्या वेगळ्या काढून निदान करतो म्हणतात तिथेही जरा जपून, एल१कॅम नावाच्या ज्या प्रोटीनला धरून त्या ओढायच्या ते प्रोटीन मुळात पुड्यांवर नसतंच, असं २०२१ मध्ये निघालं :)

रातराणी:
बापरे. भाऊ हटून बसलाय इंजेक्शनसाठी, त्याला हाच धागा पाठवते. मग लेकॅनेमॅब नावाच्या अल्झायमरवरच्या औषधाचं काय, ते तरी खरं आहे का?

खडूसकाका:
ते खरं औषध आहे, २०२३ मध्ये एफडीएची पूर्ण मान्यता मिळाली. १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. ते पण फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी, शिवाय मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, एपीओई जीनच्या ई४ प्रकाराच्या दोन प्रती असतील तर जास्तच. म्हणून आधी जीन टेस्ट आणि मध्येमध्ये एमआरआय.

गोगलगाय:
आणि गंमत म्हणजे लेकॅनेमॅब ही अँटीबॉडी, ती अमायलॉइडला चिकटते, पण उचलून न्यायचं काम परत मायक्रोग्लियाच करतात. अजून एक, ज्यांच्यावरून रोगाला नाव पडलं त्या खुद्द डॉक्टर अल्झायमरने १९०७ च्या लेखात लिहिलं होतं की ग्लिया पेशींत चरबीच्या पिशव्या दिसतायत. पुढे कित्येक दशकं सगळे गाठींच्याच मागे लागले, त्या पिशव्यांकडे आत्ता कुठे वळलेत.

रातराणी:
आईचा टप्पा आणि जीन टेस्टचं डॉक्टरांना विचारते. भावाने धागा वाचला, "हे खडूसकाका डॉक्टर आहेत का?" एवढंच विचारलंय.